मतभेदाला किती गुण?

ऑक्टोबर २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने बी.ए.च्या इंग्रजी अभ्यासक्रमातून एक कादंबरी काढून टाकली. रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’. १९७१ च्या युद्धकाळातल्या मुंबईतला एक पारशी बँक कर्मचारी, त्याचे कुटुंब, शेजारपाजार, अशी ती गोष्ट. १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली. लेखक मुंबईचा, याच विद्यापीठाचा पदवीधर. कादंबरीतली पात्रे शिवसेनेबद्दल आणि मराठी माणसांबद्दल अपमानकारक बोलतात, असा आक्षेप भारतीय विद्यार्थी सेनेने घेतला. विद्यापीठाच्या दारात प्रती जाळल्या गेल्या, कुलगुरूंना निवेदन दिले गेले आणि एका दिवसात पुस्तक गेले.

त्यावर तेव्हा भरपूर लिहून आले. बहुतेकांनी मागणी करणाऱ्यांना धारेवर धरले, काहींनी कुलगुरूंना. माझे लक्ष अडकले ते एका कलमावर. कुलगुरूंनी पुस्तक काढले ते १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातल्या कलम १४(७) चा आधार घेऊन. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी होते. संबंधित मंडळाची बैठक बोलवायलाही सवड नसेल, तर कुलगुरूंनी निर्णय घ्यावा आणि मंडळाला नंतर कळवावे, असा त्याचा मथितार्थ. पेपर फुटला, पुरात परीक्षा केंद्र बुडाले, तर असा अधिकार हाताशी हवाच. पण कादंबरीची तातडी कसली? ती एकोणीस वर्षांपूर्वी छापलेली होती. वर्गांतून शिकवली जात होती. मुलांनी विकत घेतली होती, निदान तिच्या झेरॉक्स तरी काढल्या होत्या. पुस्तक बदलायचेच असते तर अभ्यास मंडळ होते, विद्या परिषद होती, पुढचे शैक्षणिक वर्ष होते.

त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे पुस्तक गेल्यामुळे विद्यापीठाचे काही अडले नाही. निषेधाची पत्रके निघाली, चर्चासत्रे झाली, पण विद्यापीठ नावाचे यंत्र आचका न खाता पुढे सरकले. एक पुस्तक जाऊन दुसरे आले की प्रश्नपत्रिकेत तेवढा बदल करायचा. रुग्णालयातून एक औषध असे रातोरात काढले असते तर डॉक्टरांनी विचारले असते की आता रुग्णांना काय द्यायचे. विद्यापीठात तसे विचारावे लागले नाही, कारण त्या पुस्तकाची गरज होती ती परीक्षेपुरती.

माझे म्हणणे एवढेच आहे की विचारस्वातंत्र्यावर बाहेरून घाला येतो तेव्हा आपली विद्यापीठे इतक्या सहज मान टाकतात, कारण जपण्यासारखे काही आपल्याकडे आहे असे त्यांना वाटतच नाही. ती परीक्षा घेण्यासाठी जन्मली आणि अजून मुख्यतः तेच करतात. ज्या घरात वाद घालण्याची रीतच नाही, तिथे कोणी येऊन ‘वाद घालू नका’ म्हणून दरडावले तर घरच्यांचे काय बिघडणार?

‘परीक्षा घेण्यासाठी जन्मली’ हे मी शब्दशः म्हणतो आहे. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली, ती तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. लंडनचे ते विद्यापीठ शिकवत नसे. कॉलेजांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. मुंबई विद्यापीठातही शिकवणे एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन अशा कॉलेजांकडे आणि विद्यापीठाकडे प्रश्नपत्रिका, निकाल व पदवीदान. पदव्युत्तर शिक्षणाचे स्वतःचे विभाग उघडायला जवळपास साठ वर्षे गेली. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस समाजशास्त्राचे पहिले प्रमुख म्हणून आले, त्याच सुमारास अर्थशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. तोवर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बांधून चाळीस वर्षे होऊन गेली होती. मनोरा आधी, वर्ग नंतर.

लंडनने ते रूप पुढे बदलले, आपल्याकडे ते संलग्न महाविद्यालयांच्या जाळ्यात मुरत गेले. आज मराठी माणूस ‘युनिव्हर्सिटीत काम आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गुणपत्रिका, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, मायग्रेशन सर्टिफिकेट आणि खिडकीपुढची रांग असते. तिथे कोणाशी तरी तावातावाने वाद घालायला जायचे आहे, असे त्याच्या मनातही येत नाही. वाद झालाच तर तो खिडकीपलीकडच्या क्लार्कशी.

या यंत्रात विचाराचे काय होते हे पाहायचे असेल तर उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रात जावे. आमच्या भाषेत कॅप. लांबलचक टेबले, त्यांवर गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यावर चिकटवलेली पट्टी, चहाचे कागदी कप, आणि प्रत्येक परीक्षकापुढे ‘आदर्श उत्तर’ नावाचा कागद. मी अनेक वर्षे राज्यशास्त्राचे पेपर तपासले. ‘महात्मा फुले यांच्या शैक्षणिक विचारांचे चिकित्सक परीक्षण करा’ हा आमच्याकडचा हुकमी प्रश्न. दर दोन परीक्षांआड येतोच, त्यामुळे गाइडमध्ये त्याच्यापुढे आयएमपी म्हणून तारा छापलेला असतो. उत्तरे ‘महात्मा फुले हे एक थोर समाजसुधारक होते’ या वाक्याने सुरू होतात. पुढे मुद्दे, प्रत्येक मुद्द्याखाली ठळक रेघ. चिकित्सा कुठेही नसते. आदर्श उत्तरातही नसते.

एकदा एका मुलीने वेगळे लिहिले. तिने फुल्यांची १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढची साक्ष गंभीरपणे घेतली होती. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, प्राथमिक शाळा मात्र उपाशी राहतात, हे फुल्यांचे म्हणणे तिने नीट मांडले. मग विचारले होते की हेच माप लावले तर आज माझ्या बी.ए.वर सरकार जे खर्च करते त्याचे फुल्यांनी समर्थन केले असते का? आणि पुढे, फुल्यांनी प्राथमिक आणि उच्च शिक्षणाला असे समोरासमोर उभे केले ते बरोबर होते का? अक्षर गिचमिड, शुद्धलेखन यथातथा, पण आख्ख्या गठ्ठ्यात प्रश्नाला खरे उत्तर देणारी तेवढीच एक उत्तरपत्रिका. तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या मॉडरेटरने मी दिलेले गुण कमी केले. ‘सर, मुद्दे आले नाहीत हो,’ एवढेच त्यांचे म्हणणे. माणूस सज्जन होता. फुल्यांवरच्या टीकेने त्याच्या भावना वगैरे दुखावल्या नव्हत्या. आदर्श उत्तरात त्या विचाराला चौकटच नव्हती.

कादंबरीच्या प्रती जळतात तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे येतात. या मुलीचे गुण कापले गेले तेव्हा कोणी आले नाही, तिलाही ते कधी कळले नसेल. तिला कळले असेल ते इतकेच की गाइडमधून पाठ केलेल्या मैत्रिणीला जास्त गुण मिळाले. हा धडा ती पुढे जन्मभर विसरणार नाही.

याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्याला परके नाही, पण आपण ते फक्त जयंतीच्या भाषणापुरते वापरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये होते तेव्हा त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. भारताच्या चलनाला सोन्याशी कसे जोडायचे हा त्या काळचा मोठा वाद. सरकारने सुवर्ण विनिमय पद्धत, म्हणजे देशात रुपयाच्या बदल्यात सोने न देता त्याचा दर सोन्याशी बांधून ठेवण्याची पद्धत, चालवली होती आणि तिची तरफदारी करणाऱ्यांत जॉन मेनार्ड केन्स होते, त्यांचे त्या विषयावरचे पुस्तक १९१३ चे. आंबेडकरांनी ती पद्धत उभी-आडवी झोडली. या पद्धतीत सरकारला हवे तेवढे रुपये पाडण्याची मुभा राहते, रुपयाची खरेदीशक्ती घसरते आणि त्याची झळ गरिबांना बसते, हा त्यांचा रोख. साम्राज्याच्या राजधानीत बसून, साम्राज्याच्या अर्थखात्यावर आणि केन्ससारख्या माणसावर, तिशीतल्या एका भारतीय विद्यार्थ्याने केलेला हा हल्ला होता. प्रबंध पहिल्या फेरीत परत आला. त्याची भाषा राज्यकर्त्यांना फार झोंबणारी आहे, ती सौम्य करा असे सांगण्यात आले आणि आंबेडकरांनी निष्कर्ष तसेच ठेवून तो पुन्हा सादर केला, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे लंडनमध्येही सगळे निर्मळ नव्हते, हे लक्षात ठेवलेले बरे.

पण पुढे काय झाले ते पाहा. १९२३ मध्ये तो प्रबंध पुस्तक म्हणून छापला गेला, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. प्रस्तावना लिहिली त्यांचे शिक्षक प्रोफेसर एडविन कॅनन यांनी, आणि त्या प्रस्तावनेत कॅनन सरळ सांगतात की या पद्धतीवरचा आंबेडकरांचा रोष आपल्याला मान्य नाही आणि त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. मग म्हणतात की काही ठिकाणी मात्र लेखकाने अचूक वर्मावर बोट ठेवले आहे, आणि तो साफ चुकतो असे वाटले तिथेही त्याच्या विचारांत आणि कारणांत एक उत्तेजक ताजेपणा जाणवला.

आपल्याकडे पीएच.डी.च्या प्रबंधांना मार्गदर्शकांनी लिहिलेले दोन शब्द मी पुष्कळ वाचले आहेत. ‘सदर संशोधन समाजाला दिशादर्शक ठरेल’ यापलीकडे त्यांत काही नसते. मार्गदर्शकाने ‘या मुलाचे निष्कर्ष मला चुकीचे वाटतात, तरी हे पुस्तक वाचा’ असे छापून दिले, असे मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. किंबहुना मार्गदर्शकाला न पटणारा निष्कर्ष काढायचा नाही, ही पहिली खबरदारी नवा संशोधक सीनियरकडून शिकतो. विषय निवडताना ‘सरांचा या विषयावर काय कल आहे’ ते आधी विचारून घेतो. कॅनननी आंबेडकरांना जे दिले ते उपकार म्हणून दिले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते शिक्षकाचे कामच होते: विद्यार्थी माझ्या मताचा झाला का हे बघायचे नाही, त्याने आपले मत कष्टाने कमावले आहे का हे बघायचे. विद्यापीठ कशासाठी असते याचे इतके नेमके चित्र मला दुसरीकडे सापडलेले नाही. पुढे १९२५ मध्ये भारताच्या चलनासंबंधी हिल्टन यंग आयोग बसला, तेव्हा त्यापुढे साक्ष द्यायला आंबेडकर उभे राहिले ते याच अभ्यासाच्या बळावर.

शिक्षकाला मात्र असे वागायचे तर पायाखाली जमीन लागते. १९२५ सालचीच दुसरी गोष्ट. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते आणि कॉलेजबाहेर संततिनियमनाचा प्रचार करत होते. वर्गात ते कॅल्क्युलस शिकवत, संततिनियमन नाही. तरीही कॉलेजला ते रुचले नाही. एक तर हा प्रचार सोडा नाहीतर नोकरी, असा प्रश्न आला आणि कर्व्यांनी नोकरी सोडली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, खटले ओढवून घेतले, एका खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून आंबेडकरच उभे राहिले, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ओढगस्तीत ते मासिक चालवले. त्यांचे वडील महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले होते. मुलासाठी मात्र कुठल्या कॉलेजात जागा उरली नाही.

आपण रघुनाथरावांचा गौरव त्यांच्या धैर्यासाठी करतो. मला तो गौरव थोडा सोयीचा वाटतो. त्यांच्या धैर्याचे कौतुक केले की त्यांना ते दाखवायची वेळ का आली हा प्रश्न बाजूला पडतो. आणि ज्याच्याकडे तेवढे धैर्य नाही त्या साध्या प्राध्यापकाने काय करायचे?

आज महाराष्ट्रातल्या अनुदानित कॉलेजांत अनेक वर्ग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जिवावर चालतात. नेट-सेट झालेले, कित्येकदा पीएच.डी. असलेले हे लोक. घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने रखडून. वर्ष संपले की काम संपले, नव्या वर्षी पुन्हा मुलाखत, पुन्हा संस्थाचालकांच्या केबिनबाहेर बाकावर. अशा माणसाने वर्गात आरक्षणावर, साखर कारखान्यांच्या राजकारणावर, एखाद्या देवस्थानाच्या इतिहासावर काही अवघड बोलावे अशी अपेक्षा कशी करायची? विद्यार्थ्याने मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड केले की संपले. त्याला काढून टाकायलाही लागत नाही, पुढच्या यादीत नाव आले नाही की झाले. मग तो गाइडमधले मुद्दे डिक्टेट करतो. त्यात त्याला नावे ठेवण्याचा अधिकार माझ्यासारख्या कायम नोकरीतून पेन्शनीत गेलेल्या माणसाला नाही. विचारस्वातंत्र्याच्या परिसंवादांत घटनेच्या कलम १९ चा उल्लेख हटकून होतो, रिक्त पदांचा होत नाही. माझ्या मते कॉलेजपातळीवर रिक्त पदांचा प्रश्न हाच स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

आता यावर हमखास येणारा आक्षेप. गरिबाघरचा मुलगा विद्यापीठात नोकरीसाठी येतो, त्याला वादविवादाची चैन कशाला? हा आक्षेप हलका नाही. फुल्यांच्याच साक्षीत त्याची मुळे सापडतात. शिकलेल्यांनी सरकारी चाकरीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा उपयोगी उद्योगधंद्यांत पडावे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ज्या घरात आजवर कोणी दहावीच्या पुढे गेले नाही, त्या घराला ‘ज्ञानासाठी ज्ञान’ सांगणे हा पोट भरलेल्यांचा उद्धटपणा आहे हे मला मान्य आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली माझी कितीतरी मुले पोलीस भरतीची तयारी करत बी.ए. होत होती. पहाटे मैदानावर धावायचे, अकराला वर्गात डुलक्या काढायच्या. त्यांना मी कधी हिणवले नाही.

पण ज्यांना नोकरीची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच पाठांतराचे शिक्षण सर्वांत जास्त फसवते, हेही तिथेच दिसले. आदर्श उत्तर लिहून मिळालेल्या पदवीला बाजारात किंमत नाही, हे १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजांचे पेव फुटले तेव्हापासून आपण बघतो आहोत. पदवी सगळ्यांकडे झाली की मुलाखतीत निवड होते ती बोलणाऱ्याची, शंका काढणाऱ्याची, समोरच्याचे म्हणणे खोडून काढू शकणाऱ्याची. हे सगळे वरच्या घरातली मुले जेवणाच्या टेबलावर शिकून येतात. ज्याच्या घरी तसे टेबल नाही, त्याला हे शिकायची एकच जागा, ती म्हणजे वर्ग. तिथेही आपण त्याला मुद्देच लिहायला लावले तर त्याने जायचे कुठे? आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि पुढे १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज. शेकडो मुलांना नुसती कौशल्ये द्यायची असती तर वर्कशॉप काढून भागले असते. त्यांनी कला आणि विज्ञानाची कॉलेजे काढली. मिलिंदमधून निघालेल्या पिढीने दलित साहित्य उभे केले आणि मराठी भाषेला तोवर न ऐकलेले वाद ऐकवले, हा योगायोग म्हणता येणार नाही.

भावना दुखावण्याच्या आक्षेपाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर नवे बोलण्यासारखे फार नाही. एवढेच नोंदवतो की हा रोग एका झेंड्याचा नाही. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तो एका अमेरिकन अभ्यासकाने शिवाजी महाराजांवरच्या आपल्या वादग्रस्त पुस्तकात संस्थेचे आभार मानले म्हणून. पुस्तक प्रकाशकाने आधीच मागे घेतले होते, तरी पोथ्या आणि कपाटे फुटलीच. सरकारने पुस्तकावर बंदी घातली, ती न्यायालयात टिकली नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. मे २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या, डॉ. आंबेडकरांवरच्या १९४९ सालच्या एका व्यंगचित्रावरून पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांवरच्या विद्यार्थ्यांच्या नाटकाचा प्रयोग बंद पाडला गेला, आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि नाटकातल्या मुलांना. हल्ला करणारे प्रत्येक वेळी वेगळे, ज्यांच्या नावाने हल्ला झाला ती दैवतेही वेगळी. आणि थोडे मागे गेले तर विद्यार्थी असलेल्या न्या. रानड्यांनी निबंधात मराठी राज्याची बाजू घेतली म्हणून एल्फिन्स्टनचे प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली होती, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत सापडते. म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपासून हे चालत आले आहे. गोरा साहेब गेला, सवय राहिली.

दुसऱ्या बाजूचेही थोडे बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख आमच्या प्राध्यापकवर्गाची वकिली ठरेल. विचारस्वातंत्र्य म्हणजे वर्गात वाटेल ते बोलण्याची मुभा, असे समजणारे सहकारी मला भेटले आहेत, डावेही आणि उजवेही. पंचेचाळीस मिनिटे स्वतःच्या मताचे कीर्तन करायचे आणि कोणी शंका विचारली की ‘तू अजून वाचन वाढव’ म्हणून बसवायचे. चौकात कोणीही काहीही म्हणू शकतो, पुरावा द्यायला तो बांधील नसतो. विद्यापीठात बोलणारा बांधील असतो. इतिहासाचा शिक्षक कागद न दाखवता दावा करत असेल तर ‘कागद दाखवा’ म्हणण्याचे स्वातंत्र्य पहिल्या बाकावरच्या मुलालाही हवे. शिक्षकाचे स्वातंत्र्य आणि मुलाचे ‘मला पटत नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य यांतले एक काढून दुसरे ठेवता येत नाही.

आणि खुद्द विद्यापीठाने मत बाळगायचे का? शिकागो विद्यापीठात १९६७ साली, व्हिएतनाम युद्धाच्या धामधुमीत, कॅल्व्हेन समितीने याचे उत्तर दिले होते: विद्यापीठ हे टीकाकारांचे घर आहे, ते स्वतः टीकाकार नाही. संस्था म्हणून विद्यापीठाने एक बाजू घेतली की तिथल्या दुसऱ्या बाजूच्या माणसाची अडचण होते. आपल्याकडे हे सूत्र उलटे लागू होते. संस्थेने बाजू घ्यायची, माणसांनी गप्प बसायचे. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशाच्या कामगिरीची माहिती देणारे सेल्फी पॉइंट उभारायला कॉलेजांना सांगितले होते. असली परिपत्रके आली की प्राचार्य घाईघाईने फ्लेक्स छापून आणतात, फोटो काढतात, लिंकवर अपलोड करतात. एकाही प्राचार्याने हे माझ्या कॉलेजचे काम नाही असे उलट कळवले असेल, असे मला वाटत नाही.

करायचे काय, तर मला मोठ्या सुधारणांवर भरवसा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात चिकित्सक विचाराचे गोडवे जागोजाग आहेत आणि कॉलेजात पोचेपर्यंत त्याचे क्रेडिटचे तक्ते झाले आहेत. त्यापेक्षा दोन किरकोळ, कंटाळवाण्या गोष्टी सुचवतो.

कुलगुरूंचा तातडीचा अधिकार २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही आहे. तो राहू द्या, पण अभ्यासक्रमातील पुस्तक हा त्याचा विषय नाही, असे एक वाक्य त्यात घाला. पुस्तक काढायचे असेल तर अभ्यास मंडळाने बैठक घ्यावी, ते पुस्तक शिकवणाऱ्या शिक्षकांना बोलवावे, आक्षेप घेणाऱ्यांनाही बोलवावे, कारणे लिहावीत, इतिवृत्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावे, आणि निर्णय चालू वर्षाला लागू करू नये. इतके केल्यावरही पुस्तक जाऊ शकते. निदान कोणी, कोणत्या पानावर बोट ठेवून, काय म्हटले होते याचा कागद राहील आणि पुढच्या माणसाला तो खोडून काढता येईल.

दुसरी गोष्ट त्या कॅप सेंटरमधल्या कागदाची. प्रत्येक पेपरात एक प्रश्न असा ठेवावा की ज्याला आदर्श उत्तर नाही, मुद्द्यांची यादी नाही. परीक्षकाने फक्त एवढे पाहायचे की मुलाने बाजू घेतली का, दुसऱ्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे सांगितले का आणि मग स्वतःचे कारण दिले का. हे मी एकदा आमच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत मांडले होते. सगळ्यांना कल्पना आवडली. मग एका ज्येष्ठ सदस्याने विचारले की पुनर्मूल्यांकनात विद्यार्थी कोर्टात गेला तर गुणांचे समर्थन कसे करायचे. प्रश्न रास्त होता, त्याचे उत्तर तयार करायला वेळ लागला असता. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. त्या मंडळाची मुदत संपली. नव्या मंडळावरच्या कोणी हे वाचत असेल तर विषयपत्रिकेत घालायला तो विषय अजून शिल्लक आहे.